पुढचे ब्रेक, मागचे ब्रेक आणि एक सोमवार

लिंबाजीराव सोनकांबळे यांनी गाडी घेतली ती हौसेपोटी नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लातुरातल्या त्यांच्या गल्लीचा अजूनही तोच समज आहे. जिल्हा कचेरीत टंचाई शाखेतला अव्वल कारकून, राहणार दीड खोलीत, आणि दारात चार चाकांची काळी गाडी! दुष्काळाचं साल, नळ आठ दिवसांनी एकदा खोकणार, आणि सगळ्या टँकरांचे कागद या माणसाच्या टेबलावरून जाणार. मग लोक बोलायचे ते बोलणारच. खरी गोष्ट एवढीच होती की लिंबाजीरावांना त्यांची बायको हवी होती.

बायको म्हणजे चांगुणा. हिमायतनगरच्या सरकारी दवाखान्यात नर्स, जिल्हा नांदेड. दोघांचं लग्न झालं त्याच पावसाळ्यात लातूरचा नवा जिल्हा झाला. नव्या कचेरीला माणसं हवी होती, लिंबाजीरावांना बढती हवी होती. "सहा महिन्यांत तुझी बदली करून घेतो," असं चांगुणेला स्टँडवर सांगून ते बसमध्ये चढले, त्याला आता चार वर्षं होत आली. नांदेडचं ऑफिस म्हणायचं, लातूर घेत असेल तर आम्ही सोडू. लातूरचं ऑफिस म्हणायचं, नांदेडनं सोडलं तर आम्ही घेऊ. दोन्हीकडची पत्रं इतकी नम्र होती की वाचून कुणालाही वाटावं, दोघं एकमेकांना दारातून आधी आत जा म्हणताहेत.

दर शनिवारी कचेरी सुटली की लिंबाजीराव एसटी पकडायचे. लातूर ते नांदेड, नांदेड ते भोकर, भोकर ते हिमायतनगर. पोचेपर्यंत चांगुणेचे डोळे झोपेनं जड झालेले असायचे आणि भाकरी दुसऱ्यांदा गरम झालेली असायची. रविवारी जेवण उरकलं की दोघंही घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत बसायची. चार वर्षांत त्यांनी चांगुणेचा सोमवार म्हणून पाहिला नव्हता. ती सोमवारी डब्यात काय नेते, किती वाजता परत येते, आल्यावर आधी चहा पिते की पाय धुते, काही म्हणजे काही त्यांना ठाऊक नव्हतं. लग्नानंतर एकत्र राहिलेल्या अडीच महिन्यांत सोमवार आले असणार, पण तेव्हा कुणी ते नीट पाहून ठेवले नाहीत. पुढं पुष्कळ येतील असं वाटलं होतं.

म्हणून गाडी. एका सरकारी खात्याने निर्लेखित केलेली, लिलावात काढलेली, मागच्या सीटवर तीन साहेबांच्या बसण्याचे खड्डे असलेली. कचेरीतल्या ड्रायव्हरांनी त्यांना महिनाभर मैदानात फिरवून तयार केलं. गाडी जुन्या जिल्ह्याच्या नंबरची, तेव्हा तिलाही ना-हरकत लागली. बायकोलाही लागत होती. गाडीची आधी मिळाली.

पहिल्या खेपेला गाडीने तीन तास वाचवले आणि लिंबाजीराव वाटेत दोनदा गाणं म्हणाले. परतताना मात्र माळाकोळी सोडून अहमदपूरकडे येताना जो लांब, वळणाचा उतार लागतो, तिथं पायाशी काहीतरी करपल्यासारखा वास आला. खाली उतरून त्यांनी पुढच्या चाकाच्या आत ब्रेकच्या ड्रमला बोट लावलं आणि ते बोट पुढचे चार दिवस फाइलवर टेकवता आलं नाही. मागच्या चाकाला घाबरत घाबरत दुसरं बोट लावलं. कोमट!

दुसऱ्या कुणी हे सोडून दिलं असतं. पण लिंबाजीराव टंचाईचे होते. एका गावाला चार फेऱ्या आणि शेजारच्याला एक, असं दिसलं की त्यांचं डोकं उठायचं. त्यांनी कचेरीच्या पाठकोऱ्या कागदावर तक्ता आखला: पुढील डावे, पुढील उजवे, मागील डावे, मागील उजवे. औसा रोडला मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवायची, करकचून ब्रेक दाबायचा, असं दहा वेळा, आणि मग घरी येऊन प्रत्येक ड्रमवर डोळ्यांत औषध घालायच्या नळीने पाण्याचा एक थेंब टाकायचा. नळी चांगुणेने दिलेली, डोळे येतात म्हणून. पुढच्या ड्रमवरचा थेंब 'चर्र' करून दोन मोजेपर्यंत नाहीसा व्हायचा. मागच्यावरचा नऊ मोजेपर्यंत तसाच बसून राहायचा. तक्ता भरला, खाली सही केली, तारीख टाकली. निष्कर्ष उघड होता. पुढचे मरताहेत आणि मागचे फुकट पगार खाताहेत.

हा निष्कर्ष त्यांनी समोरच्या गुंडप्पाला सांगितला, आणि इथून खरं बिघडलं. गुंडप्पा मूळचा उदगीरचा. त्याचं सायकलचं दुकान होतं आणि चाक या विषयावर गल्लीत त्याच्यापुढे कुणी बोलत नसे.

"अय्यो! पुढचा ब्रेक?" गुंडप्पा म्हणाला. "लिंबाजीराव, पुढचा ब्रेक म्हंजे दात पडायचं काम हाय बगा." पुरावा म्हणून त्याने ओठ वर केला. समोरचे दोन दात नव्हते. "नववीत व्हतो. उताराला पुढचा ब्रेक दाबलो. सायकल थांबली, मी न्हाई थांबलो."

"पण ही सायकल न्हाई ना गुंडप्पा. गाडी हाय."

"चाक ते चाकच की ओ. तीस वर्षं झाली, मी गिऱ्हाइकाला पुढचा ब्रेक ढिल्लाच ठिवून देतो. एक मानूस मेला न्हाई माझा."

लिंबाजीरावांना दाताचा पुरावा पटला आणि समान वाटपाचं तत्त्व तर आधीच पटलेलं होतं. गुंडप्पाने पाना घेतला, पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक सैल केले आणि मागचे आवळले. पुन्हा औसा रोड, पुन्हा थेंब. पुढच्यावरचा थेंब बसून राहिला, मागच्यावरचा पाच मोजेपर्यंत उडाला. पुढचे गार, मागचे बेताचे गरम! रिकामी गाडी, सपाट रस्ता, ताशी तीसचा वेग, तिथं दुसरं काय होणार? पण त्या दिवशी लिंबाजीरावांनी गुंडप्पाला चहा पाजला आणि स्वतःबद्दल त्यांचं मत फार चांगलं झालं.

त्याच आठवड्यात पत्र आलं. चांगुणेला बदलीच्या सुनावणीला बोलावलं होतं: सोमवारी दुपारी तीन वाजता, लातूरला, मूळ कागदपत्रांसह. जागा एक, अर्जदार तीन. गैरहजर राहील त्याचा अर्ज कायमचा दप्तरी दाखल. चार वर्षं लिंबाजीराव 'सविनय सादर' म्हणून मऊ मऊ अर्ज लिहीत होते आणि चांगुणेचं रागाने लिहिलेलं एकेक वाक्य खोडत होते. हे पत्र आलं ते चांगुणेने त्यांना न दाखवता धाडलेल्या एका जळजळीत अर्जावर. ती गोष्ट त्यांना जराशी लागली. पण जराशीच.

शनिवारी निघताना गल्ली गाडीभोवती जमली. हिमायतनगरच्या दवाखान्यातल्या विहिरीला अजून गोडं पाणी आहे, हे लिंबाजीराव कधीतरी बोलून गेले होते. तेलाचे पंधरा-पंधरा लिटरचे अकरा रिकामे डबे गाडीत चढले, प्रत्येकावर खडूने नाव. नाही म्हणायचं धैर्य त्यांना कचेरीतही नव्हतं, गल्लीत कुठून येणार?

सोमवारी पहाटे चांगुणा गाडीत बसली तेव्हा डिकीत सहा आणि मागच्या सीटवर पाच भरलेले डबे होते. तिने ठेवणीतलं निळं पातळ नेसलं होतं आणि कागदांची पिशवी मांडीवर धरली होती. नांदेड गेलं, लोहा गेलं. ऊन वर आलं.

"आज सोमवार हाय," लिंबाजीराव एकदम म्हणाले.

"मंग?"

"न्हाई, असंच." त्यांना सांगायचं होतं ते पुष्कळ होतं, पण तेवढ्यात उतार आला.

पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्याला मागून सीं सीं आवाज आला. तिसऱ्याला मागची चाकं तिरपी घसरली, डबे एकमेकांवर आदळले आणि चांगुणेच्या मानेवर गुंडप्पाच्या डब्यातलं पाणी आलं. चौथ्या वळणाला लिंबाजीरावांनी ब्रेक दाबला तो पाय सरळ तळाला गेला. पायाखाली जणू काही नव्हतंच. त्यांनी हँडब्रेक ओढला. हँडब्रेकही मागच्याच चाकांचा, हे त्यांना ओढल्यावर आठवलं.

"धुपतंय की ओ मागं!" चांगुणा ओरडली.

"शांत राहा," लिंबाजीराव म्हणाले. हे ते नेहमीच म्हणायचे.

गिअर खाली टाकत, हॉर्न वाजवत, ते उताराच्या पायथ्याशी आले. तिथं रस्त्याकडेला रोजगार हमीचं काम चालू होतं. बायका फडकी बांधून खडी फोडत होत्या आणि फोडलेल्या खडीचा ढीग चारी बाजूंनी दोरी धरल्यागत चौकोनी रचून ठेवला होता. बायका पळाल्या. लिंबाजीरावांनी डोळे मिटले. गाडी ढिगात शिरली, खडीचा पाऊस पडला आणि सगळं थांबलं.

कुणाला काही लागलं नव्हतं. लिंबाजीरावांनी चांगुणेचा हात धरला, तिने त्यांचा धरला, आणि कोण कुणाला धीर देतंय ते कळेना. पण मागच्या चाकांतून निळा धूर निघत होता. गाडी पेटणार या भीतीने लिंबाजीराव उतरले, हाताला लागेल तो डबा उचलला आणि चाकावर उपडा केला. वाफेचा लोट उठला, आणि त्यातून 'टण्ण' असा स्वच्छ आवाज आला.

"ओ साहेब!" खडी फोडणाऱ्यांतली नागुबाई कमरेवर हात देऊन उभी होती. "सकाळपून आमच्या नरड्यात थेंब न्हाई, आन् तुम्ही चाकाला आंगूळ घालून राहिलाव?" मग तिची नजर ढिगाकडे गेली. "आन् आमची खडी! आज मोजमाप हाय जी! ढीग मोजल्याबिगर हजेरी न्हाई."

लिंबाजीराव काही बोलणार एवढ्यात चांगुणेने घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. साडेनऊ. दोन एसट्या आल्या. टपावर माणसं, दाराला माणसं, दोन्ही न थांबता गेल्या. सव्वादहाला एक टँकर आला. लातूरचा! लिंबाजीराव रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"सोनकांबळे साहेब!" टँकरचा ड्रायव्हर साहेबराव खाली उतरला. "टंचाईचे साहेब, आन् इथं?"

'टंचाईचे' हा शब्द खडीच्या बाजूला पोचला. नागुबाईने बाकीच्या बायकांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं लिंबाजीरावांना वाटलं.

"साहेबराव, चाकूरपर्यंत सोडा आम्हाला. तिथून बस मिळंल. तीन वाजता लातुरात पोचायचंय."

साहेबराव अवघडला. त्याने टपाच्या फटीतून घडी घातलेला, तेलकट कागद काढला. "साहेब, तुमचंच परिपत्रक हाय. कलम चार. चालक व क्लीनर यांखेरीज टँकरवर कोणताही इसम आढळल्यास ती फेरी नामंजूर. गाव तान्हेलं ऱ्हाईल, साहेब."

ते वाक्य लिंबाजीरावांनी स्वतः रचलं होतं. 'कोणताही इसम' यावर ते तेव्हा खूश झाले होते. आता ते उन्हात उभे राहून त्यातून पळवाट शोधत होते आणि स्वतःच्याच कामाचा चोखपणा त्यांना आड येत होता. कागद चांगुणेने ओढून घेतला.

"खाली कलम पाच हाय," ती म्हणाली. "मात्र पाणी शुद्धीकरणासाठी आरोग्य कर्मचारी सोबत असल्यास हरकत नाही. मी नर्स हाय. पानी आता वाटंतच तपासते."

साहेबरावाचा चेहरा खुलला. "मंग बसा की बाई! हाव, पावडरीचं तेवढं बगून द्या."

"आणि मी?" लिंबाजीराव म्हणाले.

साहेबराव खरोखर दुःखाने म्हणाला, "तुम्ही आरोग्य न्हाईत, साहेब. तुम्ही टंचाई हाव."

चांगुणा पायरीवर चढली आणि थांबली. चार वर्षं प्रत्येक रविवारी ती जमिनीवर उभी असायची आणि ते पायरीवर. आज पहिल्यांदा उलटं झालं. "काय सांगू त्यांला?" तिने विचारलं.

"सविनय..." लिंबाजीरावांनी सुरुवात केली आणि ते थांबले. "तुला वाटंल ते सांग. काही खोडू नको."

टँकर गेला. धूळ खाली बसेपर्यंत ते रस्त्याकडे पाहत राहिले, आणि तिच्या रविवारच्या दुपारी कशा जात असतील ते त्यांना चार वर्षांनी कळलं. उभं राहणाऱ्याचं दुःख जाणाऱ्यापेक्षा मोठं असतं. जाणाऱ्याला निदान तिकीट काढायचं असतं, जागा धरायची असते. उभं राहणाऱ्याला काहीच काम नसतं.

काम नागुबाईने दिलं. "ढीग रचा आता," ती म्हणाली.

अव्वल कारकून लिंबाजीराव सोनकांबळे यांनी शर्ट काढून गाडीवर वाळत घातला आणि ते घमेल्याने खडी भरायला लागले. आधी त्यांनी उरलेले डबे उतरवले. गुंडप्पाचा डबा चाकावर गेला होता आणि दोन वाटेत सांडले होते. उरलेले आठ त्यांनी बायकांपुढे ठेवले. नागुबाई ओंजळीने पाणी प्यायली, तिने तोंड पुसलं आणि ती पहिल्यांदाच नीट बोलली. "गोडं हाय जी. कुठलं?"

"माझ्या बायकोच्या विहिरीचं," ते म्हणाले. विहीर सरकारी होती, पण दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

दुपारी अहमदपूरचा मेस्त्री बसवंत आला; एका ट्रकवाल्याबरोबर त्याला निरोप धाडला होता. चाक काढून त्याने तडकलेला ड्रम दाखवला आणि मग पुढची चाकं पाहून तो हसतच सुटला.

"पुढचे ब्रेक कुनी सोडले हो?"

"पुढचे लई तापत होते," लिंबाजीरावांनी तक्त्याची हकिकत सांगितली.

"तापनारच की! ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालती का न्हाई? सगळा भार पुढं येतो, मागची चाकं हलकी व्हत्यात. मंग धरनार कोन? पुढचे. धरतात म्हणून तापतात. मागच्यानं नुसता हात लावायचा असतो. तुम्ही काम करनाऱ्याला घरी बसवलाव. मागचे एकटे धरून धरून जळाले, लई तापले की धरनं बी सुटतं. आन् तापल्या बिडाच्या ड्रमवर पानी वतलाव. मंग तडकंल न्हाई तर काय?"

बसवंत ड्रम आणायला नांदेडला गेला. लिंबाजीराव रचलेल्या ढिगाला टेकून बसले. तापतो तो चुकतो, असं ते इतके दिवस धरून चालले होते. चांगुणा तापायची तेव्हाही. पत्रातली तिची वाक्यं त्यांनी एकेक करून सैल केली होती, आणि वर तिलाच शांत राहायला सांगत होते. भार तर तीच धरून होती. त्यांना एकदम इतकी लाज वाटली आणि तिची इतकी आठवण आली की त्यांनी उगाच उठून ढिगाची एक बाजू पुन्हा सरळ केली. मोजणीला आलेल्या साहेबांनी सगळ्यात चौकोनी ढीग म्हणून तोच दाखवला.

तीन वाजले. चार वाजले. बायका हजेरी लावून घरी गेल्या. लिंबाजीरावांनी हिशेब केला: सुनावणी संपली असेल, ती त्यांच्या खोलीवर गेली असेल, किल्ली गुंडप्पाकडे आहे, गुंडप्पा आधी डब्याचं विचारेल. सोमवार चांगुणा लातुरात घालवणार आणि ते इथं खडीवर. चार वर्षांत एक सोमवार हाताशी आला होता तोही गेला.

दिवस मावळायच्या बेताला एक एसटी पायथ्याशी थांबली. निळं पातळ, धुळीने करडं झालेलं, खाली उतरलं.

"अगं, तू परत कामून आलीस? खोली होती की तिथं!"

चांगुणा ढिगाजवळ आली, तिने पिशवीतून कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. लिंबाजीरावांनी तो कारकुनाने वाचावा तसा वाचला: आधी जावक क्रमांक, मग तारीख, मग सही, मग शिक्का, मग प्रती कुणाकुणाला. सगळ्यात शेवटी मजकूर. बदली मंजूर, चाकूरच्या दवाखान्यात. एक जूनपासून. लातूरहून एक एसटी, तासाभराची.

"काय सांगितलीस त्यांला?"

"काय न्हाई. म्हटलं, चार वर्षं झाली, माझ्या नवऱ्याचा सोमवार मी बघितला न्हाई." तिने डोळे पुसले, हातावरची धूळ गालाला लागली. "मंग मनात म्हटलं, इथवर आले तर बघून घ्यावा. अजून पाच घंटे हायेत त्याला संपायला."

लिंबाजीरावांनी शर्ट झटकून खडीवर अंथरला, ती बसली, आणि बसल्यावर तिने आधी डबा उघडला. सोमवारी ती ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेते. चहा नंतर.

भाकरी संपल्यावर ती म्हणाली, "मेस्त्री कवा येतो म्हटला?"

"उद्या."

"उद्या काय वार?"

"मंगळवार," लिंबाजीराव म्हणाले. मंगळवार तर त्यांनी हिशेबात धरलाच नव्हता.